न घडलेल्या गोष्टींचा हिशेब

१९५७ साली एड्सगर डायक्स्ट्रा या डच संगणकतज्ज्ञाचं लग्न झालं. नोंदणीच्या वेळी वराला आपला व्यवसाय सांगावा लागायचा. त्यानं सांगितलं, प्रोग्रॅमर. ॲमस्टरडॅमच्या नगरपालिकेनं ते लिहून घ्यायला नकार दिला. असा काही व्यवसायच नाही म्हणे! शेवटी दप्तरात 'सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ' अशी नोंद झाली. पुढे १९७२ साली ट्युरिंग पुरस्कार, म्हणजे संगणकशास्त्रातला सर्वांत मोठा सन्मान, घेताना केलेल्या भाषणात त्यानंच हा किस्सा सांगितला आणि तेव्हापासून तो आमच्या जमातीत फिरतो आहे.

मला मात्र त्याच भाषणातली दुसरी आठवण जास्त जवळची वाटते. ती १९५५ सालची. तीन वर्षं प्रोग्रॅमिंग करून झाल्यावर हा पंचविशीचा मुलगा आपल्या वरिष्ठांकडे, व्हान वाइनगार्डेनकडे गेला. भौतिकशास्त्र आणि प्रोग्रॅमिंग दोन्ही एकाच वेळी जमेना, एक काहीतरी निवडायचं होतं. त्याची अडचण अशी होती की यंत्र बांधणाऱ्या सहकाऱ्यांना कुणी विचारलं, तुम्हाला काय येतं, तर ते निर्वात नळ्यांबद्दल, ॲम्प्लिफायरबद्दल बोलू शकत. आपल्याला कुणी विचारलं तर आपण रिकाम्या हातांनी उभे. वरिष्ठांनी त्याला शांतपणे समजावलं की ही यंत्रं आता कुठं जाणार नाहीत, आपण अगदी सुरुवातीला आहोत, आणि या कामाला प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्यांमध्ये तूही असू शकतोस. त्या भेटीनं आपलं आयुष्य बदललं असं तो म्हणतो.

असा वरिष्ठ मिळायला नशीब लागतं. मी असाच काहीसा प्रश्न घेऊन माझ्या मॅनेजरकडे गेले होते, तर तो म्हणाला, "बोलू या आपण निवांत. आधी जिरा अपडेट कर." (जिरा म्हणजे कुणाचं काम कुठवर आलं याची नोंद ठेवायचं सॉफ्टवेअर.)

आता आमच्या व्यवसायाला नाव आहे. नाव कसलं, अख्खा जिना आहे. ज्युनियर, मग नुसता इंजिनियर, मग सिनियर, लीड, स्टाफ, प्रिन्सिपल. प्रत्येक पायरीला दोन-तीन उपपायऱ्या. कुठल्याही सरकारी फॉर्मवर आमचा व्यवसाय बिनतक्रार लिहून घेतात. पण दिवसभर तू नेमकं करतेस काय, असं घरच्यांनी विचारलं की मी अजूनही रिकाम्या हातांनीच उभी असते. कारण खरं उत्तर देण्यासारखं नाही. खरं उत्तर असं, की मी दुसऱ्यांनी लिहून ठेवलेलं वाचते.

मी या धंद्यात आले ती काहीतरी घडवायला. शिकत असताना रात्री दोन वाजता पहिल्यांदा स्वतःचा छोटासा प्रोग्रॅम चालला, तेव्हा उठवून सांगायला कुणी नव्हतं याचंच दुःख झालं होतं. त्या वयात डोक्यात गोष्टीही तशाच भरलेल्या असतात. लिनस टोरवाल्ड्सनं १९९१ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमची घोषणा केली. पुढे २००५ च्या एप्रिलमध्ये, आधी वापरत असलेल्या साधनाचा फुकट परवाना गेला म्हणून त्यानं गिट, म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाचा इतिहास साठवणारं साधन, लिहायला घेतलं, आणि काही दिवसांतच गिटचा स्वतःचाच कोड गिटमध्ये ठेवला जाऊ लागला. काही दिवसांत! आम्ही या गोष्टी पुराणातल्या कथांसारख्या एकमेकांना सांगायचो. मी लिहीन, जग वापरेल, एवढी सरळ महत्त्वाकांक्षा होती. तिच्यात लाज वाटावं असं मला आजही काही दिसत नाही.

नोकरीत माझ्यापुढं आली ती बिलिंगची एक जुनी सिस्टीम. हजारो ओळींच्या फाइली. 'टेम्प२' नावाचा एक व्हेरिएबल, ज्याच्यावर अख्ख्या महिन्याचा हिशेब उभा. 'जुनं' नावाचा एक फोल्डर, ज्यातला कोड रोज रात्री इमानेइतबारे चालतो, आणि 'नवीन' नावाचा दुसरा, ज्याला कुणी हाकच मारत नाही. ज्यांनी हे लिहिलं ते केव्हाच नोकरी सोडून गेलेले. दुसऱ्यानं अर्धवट सोडलेलं विणकाम हातात घेतलं की आधी टाके मोजत बसावं लागतं, तसे पहिले कित्येक महिने गेले. एखाद-दुसरी ओळ लिहायची, त्यासाठी शेकडो ओळी वाचायच्या. आणि गंमत म्हणजे शिकताना आम्हाला कोड लिहायला शिकवलं, लिहिलेल्याचे मार्क दिले. वाचायला कुणी शिकवलंच नाही. दुसऱ्याचा कोड समजून घेण्याचा एकही पेपर मी दिलेला नाही.

एक टिकेट, म्हणजे नोंदवलेली एक तक्रार, तेवढं सविस्तर सांगते.

काही ग्राहकांच्या बिलातली रक्कम आणि महिन्याच्या अहवालातली रक्कम जुळत नव्हती. फरक दशांशाच्या दुसऱ्या घरात, एकाचा. सगळ्यांच्या बाबतीत नाही, काहींच्याच. प्राधान्य: 'कमी'. असली टिकेटं नव्या माणसाच्या गळ्यात घालायला बरी पडतात, म्हणून ते माझ्याकडे आलं.

पहिला संशय अर्थातच नेहमीच्या गुन्हेगारावर. कॉम्प्युटर अपूर्णांक द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून साठवतो, त्यामुळे ०.१ आणि ०.२ यांची बेरीज तो ०.३०००००००००००००००४ अशी देतो, हे आम्हाला पहिल्याच वर्षी सांगतात. पण इथं ते लागू पडेना. शेवटी मी संगणक बाजूला ठेवला आणि रकमा कागदावर एकाखाली एक लिहून काढल्या. ६.१२५ चुकतंय. ६.३७५ बरोबर. ६.६२५ चुकतंय. ६.८७५ बरोबर. सगळ्या रकमा आठव्या भागातल्या, आणि हे आठवे भाग द्विमान पद्धतीत तंतोतंत बसतात, म्हणजे नेहमीचा गुन्हेगार निर्दोष. मग यातल्या एक सोडून एक रकमेनंच चुकायचं काय कारण?

कागदाकडे बघता बघता लक्षात आलं, की चुकणाऱ्या रकमांमध्ये पाचाच्या आधीचा अंक सम आहे आणि बरोबर येणाऱ्यांमध्ये विषम.

पायथन भाषेच्या दुसऱ्या आवृत्तीत 'राउंड' हे फंक्शन बरोबर मध्यावर आलेली संख्या शून्यापासून दूर ढकलायचं, म्हणजे आपण शाळेत शिकलो तसं: ६.१२५ चे ६.१३. तिसऱ्या आवृत्तीत नियम बदलला. मध्यावर आलेली संख्या जवळच्या सम अंकाकडे जाते. म्हणून ६.१२५ चे ६.१२, पण ६.३७५ चे ६.३८. यामागं शहाणपण आहे; कायम वरच ढकलत राहिलं की हजारो रकमांच्या बेरजेत चढती चूक साठत जाते, समकडे नेलं की वरखाली होऊन ती फिटते. पायथन २ चा आधार १ जानेवारी २०२० ला बंद झाला, त्याच्या आगेमागे सगळ्यांनीच घाईघाईनं आपापला कोड तिसऱ्या आवृत्तीत नेला. आमचा अहवाल तसाच गेला. बिल करणारा भाग दुसऱ्या भाषेत होता, तो जुन्याच नियमानं चालत राहिला. दोघंही आपापल्या जागी बरोबर, आणि एकमेकांशी जुळत नाहीत. (असे सहकारीही असतात, पण ते असो.)

इथंच गोष्ट संपली असती तर मी ती सांगितली नसती. गिटमधला जुना इतिहास उपसला तेव्हा दिसलं की हे कुणाला तरी आधीच सापडलं होतं. त्या माणसानं एक छोटंसं फंक्शन लिहून दोन्ही नियम जुळवले होते आणि वर एक टीप ठेवली होती: 'याला हात लावू नका.' का, ते लिहिलं नव्हतं. पुढे साफसफाई करणाऱ्या कुणाला तरी ते फंक्शन फालतू वाटलं. साहजिक आहे, राउंड करायला भाषेतच सोय असताना हे वेगळं कशाला? त्यानं ते काढून टाकलं. मी परत आणलं. तीन ओळी, एक टेस्ट, आणि वर कारण सांगणारी चांगली ऐसपैस टीप, त्या चारही रकमांसकट. त्या वर्षात मी लिहिलेल्या सगळ्यांत मला ती टीप सर्वांत आवडते.

स्टँडअपमध्ये, म्हणजे टीमच्या रोजच्या छोट्या मीटिंगमध्ये, मॅनेजर म्हणाला, "अगं, तीन ओळींना आठवडा?"

तो हसत म्हणाला होता, वाईट माणूस नाही. पण त्याच्या हातातलं मापच तसं आहे. टिकेट किती 'पॉइंट'चं, किती बंद झाली, या स्प्रिंटमध्ये, म्हणजे कामाच्या ठरलेल्या टप्प्यात, किती. वर्षअखेरीच्या फॉर्मवर रकाना असतो: 'या वर्षात आपण नवीन काय केलं?' तिथं मी काय लिहू? हजारो बिलं चुकली नाहीत? ती चुकणार होती हे सिद्ध कसं करू?

आमच्या क्षेत्रातलं याचं सर्वांत मोठं उदाहरण म्हणजे वायटूके. जुन्या प्रोग्रॅममध्ये जागा वाचवायला सालाचे शेवटचे दोनच अंक ठेवायचे, त्यामुळे २००० उजाडताच यंत्रांना ते १९०० वाटणार होतं. जगभरच्या प्रोग्रॅमरांनी वर्षानुवर्षं बसून तो कोड शोधला, दुरुस्त केला, तपासला. १ जानेवारी २००० आला आणि किरकोळ घोटाळे सोडता फारसं काही घडलं नाही. मग लोक म्हणाले, बघा, उगाच बाऊ केला होता. काम नीट झाल्याचा पुरावा हाच ते काम अनावश्यक असल्याचा पुरावा ठरला. मला वाटतं, सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या प्रत्येकाचं वायटूके दरवर्षी होतं, फक्त त्याला नाव नसतं.

याच्या बरोबर उलट जे करतात त्यांचं कौतुक होतं, हे मला जास्त डाचतं. घाईत काहीतरी नवीन उभं करायचं, डेमो द्यायचा, टाळ्या घ्यायच्या, बढती घ्यायची आणि दुसऱ्या टीममध्ये जायचं. मागं राहिलेलं निस्तरायला आम्ही. बढतीच्या निकषांमध्ये 'इम्पॅक्ट' आणि 'व्हिजिबिलिटी' हे दोन शब्द शेजारी-शेजारी बसलेले असतात, आणि माझ्या अनुभवानं पहिला नसला तरी दुसऱ्यावर भागतं. मी हे मत्सरानं म्हणते आहे का? थोडं असेलही. तरी खोटं नाही.

डेडलाइनचं रडगाणं गाण्यात अर्थ नाही, ते सगळ्याच धंद्यांत आहे. आमच्यात एवढंच विशेष, की ज्याचा अंदाज करता येत नाही त्याचा अंदाज आधी मागतात आणि मग त्या अंदाजाला वचन म्हणतात. उशीर झालाच तर आणखी दोन माणसं देतात. आयबीएममध्ये ओएस/३६० या ऑपरेटिंग सिस्टीमचा डोंगर उचललेल्या फ्रेड ब्रुक्सनं १९७५ सालीच लिहून ठेवलं आहे की उशीर झालेल्या प्रकल्पात माणसं वाढवली की उशीर वाढतो. नव्या माणसांना शिकवायला जुनीच माणसं खर्ची पडतात. हे न वाचलेला मॅनेजर मला अजून भेटलेला नाही आणि हे पाळणाराही नाही.

अशा वेळी चहूकडून एकच सल्ला येतो: स्विच कर.

बरोबरचे सगळे बदलतायत. पगारवाढ हवी तर कंपनी बदला, हे गणित आमच्या पिढीला पाठ झालं आहे, आणि ते चुकीचंही नाही. आहे तिथंच थांबलेल्याला बहुतेक ठिकाणी निष्ठेबद्दल मिळते ती शाबासकी. मीही तयारीला लागले. संध्याकाळी घरी येऊन 'लीटकोड'वर कोडी सोडवायची. लिंक्ड लिस्ट उलटी करा. बायनरी ट्री उलटं करा. अक्षरांच्या दोन ओळींमधला सर्वांत लांब सामाईक भाग काढा. सोडवायला मजा येते, खोटं कशाला बोलू; त्यात ते जुनं, रात्री दोनचं सुख थोडं आहे. सगळं स्वच्छ, प्रश्न चार ओळींचा, उत्तर एक, कुणाचा जुना कोड नाही, कुणाची मीटिंग नाही.

पण हे ज्या कामासाठी निवडतात त्या कामाशी याचा संबंध किती? २०१५ साली मॅक्स हॉवेलनं ट्विटरवर चिडून लिहिलं होतं की गूगलचे बहुतेक इंजिनियर आपण लिहिलेलं 'होमब्रू' हे सॉफ्टवेअर बसवायचं साधन वापरतात, पण फळ्यावर बायनरी ट्री उलटं करता आलं नाही म्हणून आपल्याला नाकारलं. त्यावर पुष्कळ वाद झाला, दोन्ही बाजूंनी बरोबर बोलणारे होते. माझी तक्रार त्याच्याहून साधी आहे. मुलाखतीत मला कुणीही कधी अनोळखी कोड हातात देऊन म्हटलेलं नाही, की हे वाच आणि यात काय बिघडलं आहे ते सांग. जे काम मी दिवसातले सहा तास करते त्याची परीक्षाच नाही. ज्याची परीक्षा आहे ते मी नोकरी लागल्यापासून एकदाही केलेलं नाही.

एका मुलाखतीत मी राउंडिंगची गोष्ट सांगितली. समोरचा तरुण मुलगा ऐकत होता, मग घड्याळाकडे बघून म्हणाला, "इंटरेस्टिंग. आपण आता प्रश्नाकडे वळू या का?"

आणि आता तर लिहिण्याचंच काय होणार, हा घोर आहे. २०२१ मध्ये कोड लिहून देणारं कोपायलट आलं, २०२२ च्या नोव्हेंबरअखेरीस चॅटजीपीटी. मी तासाभरात लिहिते तसा कोड ते मिनिटात पुढ्यात टाकतं, आणि बऱ्याचदा बरा असतो. माझ्या मागून येणाऱ्या मुलांची मला खरी काळजी वाटते. जी किरकोळ कामं करून आम्ही हात बसवला ती आता त्यांच्या वाट्याला येतीलच असं नाही. हात बसवल्याशिवाय नजर तयार होत नाही आणि नजरेशिवाय पुढ्यात आलेलं बरोबर की चूक हे कळायचं कसं? ज्यांना हे सोपं वाटतं ते एकतर फार अनुभवी असतात किंवा काहीतरी विकत असतात.

माझ्यापुरतं मात्र एक विचित्र घडलं. लिहिणं स्वस्त झालं आणि वाचणं वाढलं. आता मी माणसांनी लिहिलेलं वाचते तसं यंत्रानं लिहिलेलंही वाचते. परवा मी त्याला आमचंच ते फंक्शन दाखवून 'हे नीटनेटकं कर' असं सांगितलं, मुद्दाम, टीप काढून. त्यानं अगदी आत्मविश्वासानं ते काढून भाषेतलं राउंड घातलं आणि वर लिहिलं की कोड आता सोपा झाला. त्या साफसफाई करणाऱ्या अनोळखी माणसाची मला आठवण झाली. टीप परत घालून विचारलं तेव्हा मात्र हात लावला नाही.

कोड सांभाळण्याचं मी उगाच उदात्तीकरण करत नाही. त्यात खड्डे आहेत, आणि ते मी जवळून बघते. आमच्या टीममध्ये एक सिनियर आहेत, ज्यांना या सिस्टीमची नस न् नस माहीत आहे. रात्री काही बंद पडलं की फोन त्यांनाच. रजेवर असले तरी त्यांनाच. मुलाच्या वाढदिवसाच्या मध्येच लॅपटॉप उघडून बसल्याचं ते स्वतःच हसत सांगतात. त्यांना बढती का मिळत नाही असं मी एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाले, "मला हलवलं तर हे बघणार कोण?" ते अभिमानानं म्हणाले की खंत होती, मला कळलं नाही. वर त्यांना जे येतं त्यातलं निम्मं या एका कंपनीच्या चार भिंतींबाहेर कवडीच्या मोलाचं आहे. मला त्यांच्यासारखं व्हायचं आहे आणि त्यांच्यासारखं अजिबात व्हायचं नाही.

पण कुणीच तसं नसेल तर काय होतं हेही बघून ठेवावं. १ ऑगस्ट २०१२ ला नाइट कॅपिटल या अमेरिकी शेअर-व्यवहार कंपनीचा नवीन कोड चालू झाला. आठ सर्व्हरपैकी एकावर तो चढलाच नव्हता. नव्या सोयीसाठी जो जुना फ्लॅग, म्हणजे सोय चालू-बंद करणारी खूण, पुन्हा वापरला होता, त्यानं त्या एका सर्व्हरवर वर्षानुवर्षं न वापरलेला, पण कुणी न काढलेला कोड जागा केला. पाऊण तासात कंपनीचे ४० कोटी डॉलरहून जास्त बुडाले. तो जुना कोड तिथं का आहे आणि तो फ्लॅग कशाचा आहे, हे नेमकं माहीत असलेलं माणूस त्या दिवशी हवं होतं. दुसरीकडे २०२४ च्या मार्चमध्ये अँड्रेस फ्रॉइंड या इंजिनियरला एसएसएचनं, म्हणजे दूरच्या कॉम्प्युटरशी जोडणाऱ्या सोयीनं, लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं. अर्धा सेकंद! तो त्याच्या मागं लागला आणि 'एक्सझेड' या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या लायब्ररीत कुणीतरी मोठ्या चिकाटीनं पेरलेलं चोरदार उघडकीला आलं. त्या तपासाला आमच्या पद्धतीनं किती पॉइंट दिले असते याची मला उत्सुकता आहे.

आणि ते गिट. टोरवाल्ड्सनं २००५ च्या एप्रिलमध्ये लिहायला घेतलं, ही गोष्ट मी शिकत असल्यापासून सांगत आले. त्याच वर्षी जुलैमध्ये त्यानं ते जुनिओ हामानो नावाच्या माणसाच्या हाती सोपवलं, आणि तेव्हापासून आजतागायत हामानोच ते सांभाळतो आहे. दुसऱ्यांनी पाठवलेले बदल वाचायचे, नको असलेले परत पाठवायचे, हवे ते नीट करून घ्यायचे. राउंडिंगचा शोध लावताना मी ज्या इतिहासात रात्र रात्र घालवली तो साठवणारं साधन त्याच्या हातून रोज जातं, आणि त्याचं नाव मला नोकरीला लागल्यावर पुष्कळ उशिरा कळलं. काही दिवसांत लिहिण्याच्या गोष्टी सांगणाऱ्या आम्हा मुलांना वीस वर्षं वाचत राहिलेल्या माणसाची गोष्ट कुणी सांगितलीच नव्हती. सांगितली असती तरी त्या वयात आम्हाला ती कंटाळवाणी वाटली असती, हेही खरं.

माझी महत्त्वाकांक्षा गेलेली नाही, सरकली आहे. आता मला वाटतं, एखादी मोठी, जुनी, गुंतागुंतीची गोष्ट अशी का आहे हे मला पूर्ण कळलेलं असावं, आणि माझ्यानंतर येणाऱ्यालाही कळेल असं मी लिहून ठेवलेलं असावं. आणि हो, त्याचा पगार मिळावा. हे शेवटचं मी मुद्दाम लिहिते आहे, कारण असल्या कामाबद्दल बोलताना लोकांना सेवा, समर्पण वगैरे शब्द पटकन सुचतात, आणि समर्पण करणाऱ्याला पगारवाढ द्यावी लागत नाही. मी पाट्या टाकणार नाही, आणि फुकटही राबणार नाही. या दोहोंच्या मध्ये जागा आहे का, हे शोधायलाच पुढची मुलाखत देते आहे. तिथल्या लोकांना मीच विचारणार आहे, तुमचा सर्वांत जुना कोड कोण सांभाळतं आणि त्याला गेली बढती केव्हा मिळाली?

दरम्यान इथं एक भिजत घोंगडं आहे. जुन्या सिस्टीममध्ये वेळ १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत मोजून ३२ बिटांत ठेवायची पद्धत आहे. ती मोजदाद १९ जानेवारी २०३८ ला जागतिक वेळेनुसार पहाटे ३ वाजून १४ मिनिटं ७ सेकंदांनी संपते. आमचा डेटाबेस मायएसक्यूएलचा, आणि त्यातल्या 'टाइमस्टॅम्प' प्रकाराच्या तारखाही तिथंच थांबतात. २०३८ लांब आहे असं सगळे म्हणतात. पण लांब मुदतीच्या एका करारात संपायची तारीख त्या पलीकडची टाकली, तर आमची सिस्टीम ती आजच नाकारते. तसं झालं, मी टिकेट उघडलं. मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणालं, "तोपर्यंत इथं कोण असणार आहे?" सगळे हसले. मी मनात वय मोजलं. कुठंतरी असेन, आणि याच धंद्यात असेन.

बरेच दिवस हालचाल न झालेली टिकेटं आमच्याकडे एक स्क्रिप्ट आपोआप बंद करते. ते बंद झालं की मी पुन्हा उघडते. गेल्या वेळी उघडलं तेव्हा त्याखाली त्या सिनियरांनी पहिल्यांदाच काहीतरी लिहिलं: 'असे कॉलम एकूण किती टेबलांत आहेत?' कुणालाच माहीत नाही. मी मोजायला घेतलं आहे.